आल्बर्टच्या मातीला आलेलं हसू

पापडी गावातल्या त्या आळीत कुणी गेलं की पहिला निरोप ॲन्सेल्मकडे जायचा. तो काही चर्चचा नोकर नव्हता. केळीची वाडी करणारा साधा बागायतदार. पण दुःखाच्या घरात काय करावं लागतं ते त्याच्याइतकं कुणाला उमगत नसे. खड्डा कुणी खणायचा, क्रूस घेऊन पुढे कुणी चालायचं, घरच्या बाईला दोन्ही बाजूंनी कुणी धरायचं, हे तो हलक्या आवाजात सांगत जाई आणि माणसं मुकाट्याने ऐकत. उंच, रुंद छातीचा, पांढरा सदरा घातलेला ॲन्सेल्म दारात उभा राहिला की हंबरडा फोडणारी माणसंसुद्धा जरा सावरत. त्याचा आवाज कधी चढला नाही आणि कुणाच्या मातीला, दफनाला, आलेल्या कुणी त्याला कधी हसताना पाहिलं नाही.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात हा माणूस स्वतःच्याच वाडीत आडवा झाला. सकाळी पंप चालू करून तो केळीच्या आळ्यांत पाणी सोडत होता. अचानक डोक्याच्या मागच्या बाजूने अशी कळ आली की हातातलं फावडं सुटलं. भडभडून उलटी झाली आणि तो पाटाच्या पाण्यातच पडला. शेजारची वाडी आल्बर्टची. लहानपणी बावखलाच्या तळ्यात म्हशींच्या शेपट्या धरून दोघे एकत्र पोहायला शिकले होते. पाणी भलतीकडे वाहतंय म्हणून बघायला आलेल्या आल्बर्टने त्याला पाहिलं, खांद्यावर टाकलं, केळीचे घड भरलेला टेम्पो रस्त्यात अडवला, घड उतरवले आणि ॲन्सेल्मला थेट मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथे डॉक्टरांनी सांगितलं, ब्लडप्रेशर इतकं वाढलं होतं की मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. आधी कधी मोजलं होतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा ॲन्सेल्मची बायको मटिल्डा नुसती बघत राहिली. धडधाकट माणसाचं प्रेशर मोजतात, हेच तिला ठाऊक नव्हतं.

ॲन्सेल्म वाचला. घरी आला तेव्हा उजवा हात लुळा होता, उजवा पाय ओढत टाकावा लागे आणि जीभ जड झाली होती. रोज सकाळी गोळ्या घ्यायच्या, मीठ बंद, आणि प्रेशर सारखं तपासत राहायचं, एवढं बजावून इस्पितळाने सोडलं होतं. फुटलेली जागा भरून येईल, पण प्रेशर वर गेलं तर पुन्हा फुटेल, आणि मग कुणाच्या हातात काही राहणार नाही. मटिल्डाने ते इतकं मनावर घेतलं की घरातली मिठाची बरणीच शेजारी देऊन टाकली. एका माणसासाठी वेगळी हंडी कशाला म्हणून तीही अळणी खाऊ लागली. बोंबलाची चटणी गेली, लोणचं गेलं. फणसाची भाजी मिठाशिवाय तिच्या घशाखाली उतरत नसे, पण पाण्याबरोबर ती गिळायची.

तपासायला न्यायचं काम आल्बर्टने आपल्याकडे घेतलं. माणिकपूरला डॉक्टर रोझमेरीचा दवाखाना नवाच होता. ती आळीतल्याच मास्तरांची मुलगी. आल्बर्ट टांगा ठरवायचा, ॲन्सेल्मला वर चढवायचा, आणि दवाखान्यात पट्टा सोडला की स्वतःच वाकून पारा बघायचा. "उतरतोय बघ," असं म्हणून पाठीवर थाप मारायचा. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पारा खरंच उतरत होता.

याच दिवसांत ते हसू सुरू झालं. पहिल्यांदा मटिल्डाच्या हातून ताट पडलं तेव्हा. ॲन्सेल्मला हसू फुटलं आणि थांबेचना. मटिल्डाही हसली. माणूस हसायला लागला म्हणजे बरा होतोय, असं तिला वाटलं. ॲन्सेल्मला मात्र आतून चमत्कारिक वाटलं होतं, कारण त्याला मजा मुळीच वाटली नव्हती. उचकी लागावी तसं ते आपोआप येत होतं. छाती हलत होती, तोंड वाकडं होत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आत तो कोरडाच होता. पुढे ते अधूनमधून येऊ लागलं. कुणी जोरात बोललं की, कुणी अंगावर हात ठेवला की. त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

पावसाळा सरता सरता आल्बर्टला कावीळ झाली. झाडपाला झाला, मग इस्पितळ झालं. जो माणूस दुसऱ्याला खांद्यावर टाकून नेत होता तो बघता बघता वाळून गेला, आणि एका सकाळी त्याची बायको सालोमी हिच्या रडण्याचा आवाज दोन वाड्या ओलांडून आला.

मटिल्डा म्हणाली, "तुम्ही घरीच थांबा. झेपणार नाही तुम्हाला."

"आल्बर्टची माती," एवढंच ॲन्सेल्म म्हणाला. त्याने पांढरा सदरा घातला. बटणं तिने लावून दिली.

या वेळी सगळी व्यवस्था आल्बर्टचा धाकटा भाऊ बेसिल बघत होता. ॲन्सेल्म काठी टेकत सगळ्यांच्या मागे चालला. पण दफनभूमीत लोकांनीच त्याला वाट करून दिली आणि तो थेट खड्ड्याच्या काठाशी जाऊन उभा राहिला. समोर सालोमी. फादर प्रार्थना म्हणत होते. पेटी दोरांवरून खाली जाऊ लागली. ॲन्सेल्मने खाली पाहिलं. ओली, तांबूस माती होती. आणि त्याच्या मनात कुणी कानाशी बोलावं तसं स्पष्ट आलं: ही जागा माझी होती. मी सुटलो.

त्याच क्षणी हसू आलं.

आधी नाकातून आवाज झाला. काहींना वाटलं, तो रडतोय. त्याने ओठ दाबले, डावी मूठ तोंडात घातली. पण ते आवरत नव्हतं. सालोमी मातीची मूठ घेऊन पुढे झाली आणि तिने वर पाहिलं, तेव्हा ॲन्सेल्म तोंड उघडून, खांदे हलवत, मोठमोठ्याने हसत होता. फादर थांबले. सगळी दफनभूमी थांबली. बेसिलने त्याची कॉलर धरली. "लाज नाही वाटत?" त्याने विचारलं, आणि ॲन्सेल्म त्याच्याही तोंडावर हसला. मटिल्डाने त्याला ओढत फाटकाबाहेर काढलं. रस्त्यावर येईपर्यंत हसू सरलं होतं. तो दगडी गडग्याला टेकून खाली बसला.

त्यानंतर तो आळीत फिरकला नाही. रविवारी चर्चमधल्या मिस्साला जाणं सुटलं. कुणी दारात आलं की तो मागच्या पडवीत जाऊन बसे. लोकांनी आपापल्या परीने कारणं काढली. कुणी म्हणालं, डोकं फिरलं. मटिल्डाची मावसबहीण बेला एकदा स्वयंपाकघरात तिला म्हणाली, "इतक्या इंग्रजी गोळ्या माणसाच्या डोक्यातच जातात, बाय. आमच्या नणंदेचा सासरा असाच बडबडायला लागला होता. गोळ्या सोडल्या आणि शहाणा झाला."

पडवीत बसलेल्या ॲन्सेल्मने ते ऐकलं. गोष्ट त्याला पटली, किंवा पटायला हवी होती. गोळ्यांच्या आधी हे हसू नव्हतं, गोळ्यांनंतर आलं. म्हणजे त्या दिवशी हसला तो ॲन्सेल्म नव्हता, औषध हसलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मटिल्डा तळहातावर ठेवी त्या गोळ्या तो तोंडात घेई, गालात धरी, पाणी पिई, आणि वाडीत जाऊन केळीच्या बुंध्याशी थुंकून टाकी. वर पायाने माती लोटायची. दवाखान्यात जाणं तर आधीच बंद झालं होतं. टांग्यात चढवणारा माणूस राहिला नव्हता, आणि दवाखान्याच्या बाकावर चार लोकांत बसायची त्याला भीती वाटायची. मटिल्डाने आग्रह केला की तो म्हणे, "बरा आहे मी." हसू काही थांबलं नव्हतं. पण अंगातलं जुनं औषध निघून जायला वेळ लागत असेल, अशी तो स्वतःची समजूत घालत होता.

दिवाळीनंतर थंडी पडू लागली. एका सकाळी तोंड धुताना ॲन्सेल्मच्या नाकातून रक्त आलं. मटिल्डाने डोक्यावर पाणी मारलं, कांदा फोडून हुंगवला, तरी धार थांबेना. सदरा भिजला. मग तिने त्याचं काही ऐकलं नाही. टांगा बोलावला, टांगेवाल्याच्या मदतीने त्याला वर घातलं आणि माणिकपूरला आणलं.

डॉक्टर रोझमेरीने नाकात कापूस भरून रक्त थांबवलं. दंडाला पट्टा बांधला, पारा चढवला, सोडला. पुन्हा चढवला. दुसऱ्या दंडाला बांधून पाहिला. मग ती खुर्चीत मागे टेकून बसली.

"काका, इस्पितळात नेलं तेव्हा होतं त्याच्या जवळपास आलंय हे. गोळ्या घेता ना?"

ॲन्सेल्मने मान डोलावली.

"रोज?"

"मी स्वतः देते," मटिल्डा म्हणाली. "या हाताने देते. एक सकाळ चुकलेली नाही."

"मग काकी, खाण्यात काहीतरी जातंय. मीठ किती घालता?"

"मीठ घरातच नाही."

"सुकी मासळी? पापड? थोडंसं चालतंय असं वाटतं माणसाला. पण हे थोडंसं नाहीये. खरं सांगा मला, नाहीतर मी औषध कुठलं वाढवू?"

डॉक्टर रागावून बोलत नव्हती, पण बाकावरच्या माणसांनी माना वळवल्या होत्या. मटिल्डाचा चेहरा उतरला. तिने पदराचं टोक हातात घेतलं आणि लहान मुलीने मास्तरांना सांगावं तसं ती सांगू लागली. मिठाची बरणी कधी दिली, डाळ कशी करते, सणाला लोकांकडे जेवायला गेले नाहीत, लेकीने आणलेला पापलेटचा तुकडासुद्धा तिने धुऊन धुऊन शिजवला. "देवाशपथ, बाय," ती म्हणाली, "मी त्यांना मारायला निघाले आहे का?" आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

ॲन्सेल्म तपासणीच्या टेबलावर बसून हे बघत होता. दफनभूमीत सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं तेव्हा त्याला जी लाज वाटली होती, ती सोसता आली होती. त्यात त्याचा हात नव्हता असं म्हणता येत होतं. आता या बाईला चार लोकांत खोटं ठरवलं जात होतं, आणि तिला खोटं पाडणारा तो स्वतः होता. त्याने जीभ हलवायचा प्रयत्न केला.

"थुंकतो," तो म्हणाला.

डॉक्टर वळली. "काय म्हणालात?"

"गोळ्या. थुंकतो मी. केळीत." पुढे त्याला म्हणायचं होतं, हिचा दोष नाही. पण ते ओठांवर येण्याआधीच छाती हलायला लागली. मटिल्डा रडत होती आणि तो तिच्यासमोर हसत होता. खो खो हसत होता. नाकातला कापूस निघून पडला. त्याने डाव्या हाताने टेबलाची कड धरली आणि हसता हसताच मान इकडून तिकडे हलवत राहिला. नाही, नाही, हे नाही.

मटिल्डा त्याच्याकडे बघत राहिली. डॉक्टरने दार लोटून घेतलं.

हसू सरेपर्यंत ती थांबली, नाकात नवा कापूस घातला. मग स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली आणि विचारलं, "हसताना बरं वाटतं का, काका?"

त्याने मान हलवली. नाही.

"मजा वाटते कशाची?"

"नाही."

"आवरता येत नाही."

"नाही." आणि मग हळूहळू त्याने सगळं सांगितलं. आल्बर्टची माती, बेलाचं बोलणं, गोळ्या. फक्त खड्ड्याच्या काठाशी मनात आलेलं वाक्य त्याने सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणाली, "मेंदूत जिथे रक्त सांडलं तिथे हसणं-रडणं आवरून धरणारी जागा आहे. ती दुखावली आहे. मन रडत असलं तरी चेहरा हसतो. हा आजाराचा भाग आहे, काका. वेड नाही आणि गोळ्यांचाही दोष नाही. गोळ्या दुसऱ्यांदा फुटू नये म्हणून आहेत. तुम्ही त्या सोडल्यात आणि हसू थांबलं का?"

"नाही."

"मला आधी सांगायचं."

"लाज वाटली."

डॉक्टरने नवी चिठ्ठी लिहिली, तिथेच एक गोळी घ्यायला लावली आणि दुपारपर्यंत त्याला आतल्या खाटेवर निजवून ठेवलं. पारा जरा उतरल्यावरच घरी सोडलं.

घरी आल्यावर मटिल्डा शेजारी गेली आणि मिठाची बरणी परत घेऊन आली. संध्याकाळी दोन हंड्या चुलीवर चढल्या. ती त्याच्यासमोर बसून मीठ घातलेली आमटी जेवली. ॲन्सेल्मने आपली अळणी आमटी मान खाली घालून संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गोळ्या दिल्या, पाणी दिलं आणि म्हणाली, "तोंड उघडा."

त्याने उघडलं.

"जीभ वर करा."

त्याने केली. तिने दोन्ही गालांत नीट पाहिलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, अख्ख्या आळीला शिस्त लावणारा, स्वतःच्या ओट्यावर तोंड वासून उभा होता आणि रस्त्याने जाणारी आळीतली फ्लॉसी ते बघत होती. रोज असंच होऊ लागलं. त्याने तक्रार केली नाही.

नाताळाच्या आधी त्याला जरा बरं वाटू लागलं तेव्हा तो म्हणाला, "सालोमीकडे जायचंय."

"जा," मटिल्डा म्हणाली. "मी येणार नाही. मी बेसिलची बोलणी ऐकून घेतली आहेत तुमच्या वाटची."

तो एकटाच गेला. वाडीतूनच वाट होती, पण काठी टेकत जायला बराच वेळ लागला. सालोमी अंगणात सुकेळी करत होती. पिकलेली राजेळी केळी सोलून कारवीच्या ताट्यांवर ऊन खायला मांडली होती आणि ती एकेक उलटत होती. याच आळीत जन्मलेली, इथेच दिलेली, त्याला लहानपणापासून अरेतुरे करणारी. तिने त्याला पाहिलं आणि पुन्हा केळ्यांकडे पाहिलं.

"बस," ती म्हणाली. तो ओट्याच्या पायरीवर बसला.

"आजार आहे," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाली. हसू."

"मटिल्डाने सांगितलं मला. दोनदा येऊन गेली ती." सालोमीचा हात थांबला नाही. "मला काय वाटलं होतं सांगू? मला वाटलं, हा वाचला आणि तो गेला म्हणून हसतोय. त्याने तुला खांद्यावरून नेलं आणि तू त्याच्या खड्ड्यावर उभा राहून हसलास. महिन्याच्या मिस्साला तुला बोलवू नका, असं मीच बेसिलला सांगितलं होतं."

डॉक्टरने दिलेलं उत्तर ॲन्सेल्मच्या हातात होतं. ते पुढे केलं असतं तर काम भागलं असतं. पण ते पूर्ण नव्हतं, आणि अपुरं बोलून इथून उठावं असं त्याला वाटेना. एक खोटं त्याने गालात धरून बघितलं होतं.

"हसू आजाराचं," तो अडखळत म्हणाला. "पण ते... आलं होतं मनात. मी सुटलो. खड्ड्यात बघून. तेवढं आजाराचं नव्हतं."

सालोमीने हातातलं केळं खाली ठेवलं.

"हे सांगायला आलास?"

"हो."

"नसतं सांगितलं तर चाललं असतं मला," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "आता मी हे घेऊन काय करू?"

त्याची छाती हलू लागली. त्याने तोंडावर हात धरला, मान गुडघ्यांत घातली, तरी आवाज बाहेर आलाच. अंगणात, विधवेसमोर, तो पुन्हा हसत होता. या वेळी कुणी त्याची कॉलर धरली नाही. सालोमी ताटीकडे वळली आणि राहिलेली केळी उलटू लागली. एक रांग झाली, दुसरी झाली. आवाज थांबला, त्याने बाहीने डोळे पुसले, तेव्हा तिने मागे न बघता विचारलं, "झालं?"

"झालं."

ती आत गेली आणि कोरा चहा घेऊन आली. कप त्याच्या डाव्या हाताशी ठेवला. स्वतः घेतला नाही.

"वर्षाचा मिस्सा सप्टेंबरात आहे," ती म्हणाली. "ये. शेवटच्या बाकावर बस, दाराजवळ. हसू आलं की उठून बाहेर जा. बेसिलला मी सांगेन."

"तू...?"

"मला काय वाटतं ते मला अजून कळलेलं नाही, ॲन्सेल्म. चहा घे. थंड होतोय."

सप्टेंबरात तो गेला. मधल्या महिन्यांत पारा खाली आला होता आणि तिथेच टिकला होता. टांगा आता मटिल्डा ठरवायची. तो शेवटच्या बाकावर बसला. पुढे कुणी कुठे उभं राहायचं ते बेसिल चुकीचं सांगत होता. ॲन्सेल्मला ते दिसत होतं आणि तो गप्प होता. आल्बर्टचं नाव घेतलं गेलं तेव्हा हसू आलं. त्याने काठी उचलली आणि तो बाहेर जाऊन चर्चच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. उशिरा आलेली दोन माणसं त्याच्या मागून आत गेली. त्यांनी पाहिलं असणार. त्याचे कान तापले. हसू ओसरल्यावर त्याने रुमालाने तोंड पुसलं, श्वास नीट होईपर्यंत वाट पाहिली आणि आत जाऊन पुन्हा त्याच बाकावर बसला.